घरात मिठाचा डबा एक, खाणारी माणसे पाच: कोणते मीठ आणावे?

२ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने पाकिस्तानातून येणाऱ्या सगळ्या मालाची आयात बंद केली. पहलगामच्या हल्ल्यानंतरचा हा निर्णय होता. सुक्या मेव्याच्या व्यापाऱ्यांची अडचण होणार हे उघड होते, पण त्यासोबत आणखी एका वस्तूची चर्चा सुरू झाली: शेंदेमीठ. आषाढी एकादशीला आणि नवरात्रात आपण जे सैंधव वापरतो, त्याचा मोठा भाग वर्षानुवर्षे पाकिस्तानी पंजाबातल्या खेवरा येथील खाणींतून येत होता. आपल्याकडे हिमाचलच्या मंडी जिल्ह्यातही शेंदेमीठ निघते, पण फार थोडे.

उपवासापुरते शेंदेमीठ वापरणाऱ्यांना याने फारसा फरक पडत नाही. प्रश्न त्यांचा आहे ज्यांनी गेल्या काही वर्षांत रोजच्या स्वयंपाकातही हेच मीठ सुरू केले. 'बीपीला हे चालते', 'यात चौऱ्याऐंशी खनिजे असतात', 'पिशवीतल्या मिठात केमिकल असते' ही त्यामागची कारणे. जालना शहरात असो की घनसावंगी-मंठ्याच्या गावांत, बीपीचा रुग्ण तपासणीला आला की गोळ्यांची चर्चा होते आणि उठता उठता नातेवाईक विचारतात, 'डॉक्टर, मीठ कोणते वापरायचे?'

या प्रश्नाचे उत्तर देताना एक गोष्ट नेहमी राहून जाते. गोळी एकट्या रुग्णाची असते, मीठ मात्र सगळ्या घराचे असते. समजा बदनापूरकडचे एक घर आहे. आजोबा बासष्ट वर्षांचे, बीपी आणि शुगर दोन्ही, टेल्मिसार्टनची गोळी चालू. आजींना काही त्रास नाही. मुलगा जालन्याच्या एमआयडीसीत सळई बनवणाऱ्या कारखान्यात भट्टीजवळ काम करतो. सून चार महिन्यांची गरोदर, आणि पदरात तीन वर्षांचे लेकरू. पातेले एक, मिठाचा डबा एक, आणि तोंडे पाच. आजोबांसाठी डब्यात जे मीठ भराल तेच सुनेच्या आणि लेकराच्या ताटात जाणार आहे. म्हणून मीठ निवडताना रुग्णाबरोबर ताटाला बसणारे बाकीचे कोण, हेही पाहावे लागते.

शेंदेमीठ, पादेलोण, खडेमीठ: नावे वेगळी, सोडियम तेच

मिठाने रक्तदाब वाढतो तो मुख्यतः त्यातल्या सोडियममुळे. पाच ग्रॅम मिठात साधारण दोन ग्रॅम सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी ठरवलेली रोजची मर्यादा हीच आहे: सगळे मिळून पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे एक चहाचा चमचा सपाट.

आता शेंदेमिठाचा हिशेब करू. ते समुद्रातून न येता खाणीतून येते, एवढे खरे. पण त्यातही साधारण ९६ ते ९८ टक्के सोडियम क्लोराइडच असते. उरलेल्या दोन-चार टक्क्यांत कॅल्शियम, मॅग्नेशियम, थोडे पोटॅशियम आणि गुलाबी रंग देणारे लोह असते. तुम्ही पाच ग्रॅम शेंदेमीठ खाल्ले, तर ती सगळी चौऱ्याऐंशी खनिजे मिळून शंभर-दोनशे मिलीग्रॅम भरतील. उलट आपल्या शाळूच्या शंभर ग्रॅम पिठात एकटे मॅग्नेशियमच १३० मिलीग्रॅमच्या आसपास असते. खनिजे हवी असतील तर ती भाकरीत आहेत, आणि भाकरीने बीपी वाढत नाही.

पादेलोणाचेही तेच. त्याचा वास गंधकाच्या संयुगांमुळे येतो, बाकी ते सोडियम क्लोराइडच. ताकात चिमूटभर टाकायला हरकत नाही, पण ते 'पाचक' आहे म्हणून बीपीच्या माणसाने मोकळ्या हाताने घ्यावे असे काही नाही. खडेमीठ म्हणजे जाड दाण्याचे समुद्राचे मीठ. त्यात एक गंमत होते. चमच्यात खडे मावतात कमी, त्यामुळे चमच्यामागे मीठ थोडे कमी पडते, आणि लोकांना वाटते की खडेमीठ सौम्य असते. भाजी अळणी लागली की अर्धा चमचा आणखी पडतोच.

तेव्हा बंदीमुळे शेंदेमीठ महागले असेल किंवा दुकानातून गेले असेल, तर तुमच्या बीपीचे काही नुकसान झालेले नाही.

आयोडीनची गोष्ट जालन्याने विसरू नये

शेंदेमीठ रोज वापरण्यातला खरा धोका सोडियमचा नाही, आयोडीनचा आहे. खाणीतून निघालेल्या मिठात नैसर्गिक आयोडीन नगण्य असते, आणि बाजारात मिळणाऱ्या शेंदेमिठाच्या अनेक पुड्यांवर 'आयोडीनयुक्त' असे लिहिलेले नसते.

'आमच्याकडे कुठे कोणाला गलगंड आहे?' असे पुष्कळजण विचारतात. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला, त्याआधी यातला बहुतेक भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता. गलगंड म्हटला की हिमालयाची तराई आठवते, पण सामाजिक आरोग्याच्या जुन्या लिखाणात हिमालयाबाहेरच्या गलगंडाच्या भागांची यादी असे, आणि त्यात महाराष्ट्रातून औरंगाबाद जिल्ह्याचे नाव येई. जमिनीत आयोडीन कमी, म्हणून पिकात कमी, म्हणून माणसात कमी. समुद्र इथून लांब, मासळी ताटात क्वचित. आज गळ्याला मोठी गाठ दिसत नाही, त्याचे श्रेय बऱ्याच अंशी मिठाच्या साध्या पिशवीला आहे. जमीन काही बदललेली नाही.

देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. १९९२ मध्ये त्याला आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रम असे नाव मिळाले, कारण तोवर लक्षात आले होते की गाठ हा या आजाराचा दिसणारा, पण सगळ्यात सौम्य भाग आहे. आईच्या शरीरात आयोडीन कमी असेल तर पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. गर्भपात, मृत बाळ जन्मणे, बहिरेपणा, मंदबुद्धी हे त्याचे पुढचे परिणाम. बाळ वरून धडधाकट दिसते आणि शाळेत गेल्यावर मागे पडते, आणि मग त्याचा दोष कोणी मिठाला देत नाही.

माणसाच्या थेट खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकण्यावर देशात बंदी आहे. ही बंदी २००० मध्ये उठवली होती, २००६ मध्ये पुन्हा आली. तुमच्या घरी पोहोचणाऱ्या मिठात किमान १५ पीपीएम, म्हणजे किलोमागे १५ मिलीग्रॅम आयोडीन असायला हवे. प्रौढाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅमची, गरोदर बाईची साधारण २५० ची. किमान पातळीच्या मिठाने पाच ग्रॅममधून ७५ मायक्रोग्रॅमच मिळतात, बाकीचे दूध, अंडी वगैरेंतून यावे लागतात. म्हणजे जो मीठ कमी करतोय त्याच्या डब्यातले मीठ तर आयोडीनचेच हवे. मीठ कमीही केले आणि ते बिनआयोडीनचेही आणले, तर बीपी सांभाळताना थायरॉइड बिघडायचे.

गलगंडप्रवण जिल्ह्यांत आशाताईंकडे मीठ तपासायचा छोटा संच असतो. मिठावर थेंब टाकला की ते निळे-जांभळे होते. कधी आशाताई चिमूटभर मीठ मागायला आल्या तर नवी पिशवी फोडून देऊ नका, चुलीशेजारच्या रोजच्या डब्यातले द्या. उघडा डबा, ओल आणि चुलीची धग यांनी आयोडीन उडून जाते. पिशवी चांगली असूनही डब्यातले मीठ निकामी झालेले असू शकते, आणि तपासायचे ते हेच.

शेंदेमीठ उपवासाला जरूर वापरा. एकादशी महिन्यातून दोनदा, नवरात्र नऊ दिवस. एवढ्याने आयोडीन कमी पडत नाही. पूर्ण चातुर्मास शेंदेमिठावर काढणाऱ्या घरात मात्र कोणी गरोदर असेल, बाळंतीण असेल किंवा लहान मूल असेल, तर पुडीवर आयोडीनचा उल्लेख आहे का हे पाहून घ्या. आयोडीन घातलेले शेंदेमीठही मिळते.

मायक्रोप्लास्टिक आणि सायनाइड

ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेने मिठाचे दहा आणि साखरेचे पाच नमुने तपासून अहवाल दिला. सगळ्यांत प्लास्टिकचे सूक्ष्म कण सापडले. आयोडीनयुक्त मिठाच्या एका नमुन्यात सर्वाधिक, किलोमागे सुमारे ८९ कण. सेंद्रिय शेंदेमिठात सर्वांत कमी, किलोमागे सुमारे ७. ही बातमी फिरली आणि अनेक घरांतून साधी पिशवी हद्दपार झाली.

बातमी खरी आहे, निष्कर्ष घाईचा आहे. तुम्ही रोज आठ ग्रॅम मीठ खाता असे धरले, तर किलोमागे ८९ कणांच्या हिशेबाने दिवसाला एक कणही पोटात जात नाही. प्लास्टिकचे कण पाण्यातून, हवेतून, चहाच्या कागदी कपाच्या आतल्या अस्तरातूनही येतात. ते शरीरात काय करतात यावर जगभर काम चालू आहे आणि चिंता रास्त आहे. पण आयोडीनची कमतरता काय करते हे शंभर वर्षे माहीत आहे. त्या कणांपायी आयोडीन सोडणे म्हणजे उंदीर मारायला घर पेटवण्यासारखे आहे.

'मिठात सायनाइड' हा व्हॉट्सॲपवरचा जुना निरोप आहे, तो दर एक-दोन वर्षांनी नव्याने येतो. मीठ ओलसर होऊन गठ्ठे होऊ नयेत म्हणून त्यात पोटॅशियम फेरोसायनाइड अत्यल्प घालतात. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, त्याला किलोमागे १० मिलीग्रॅमची मर्यादा घातली आहे. त्यातला सायनाइड लोहाशी घट्ट बांधलेला असतो, पोटात तो सुटा होत नाही. नावावरून घाबरण्याचे कारण नाही.

खरोखर वेगळे मीठ एकच आहे

आता त्या मिठाकडे येऊ ज्याने बीपीत प्रत्यक्ष फरक पडतो. दुकानात ते 'लो सोडियम' किंवा 'लाइट' या नावाने मिळते. त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. पाकिटावर १५ टक्के किंवा ३० टक्के कमी सोडियम असे लिहिलेले असते. सोडियम कमी होते आणि पोटॅशियम वाढते, दोन्हींनी रक्तदाब उतरतो.

याचा सगळ्यात मोठा पुरावा चीनमधून आला. ६०० गावांतली जवळपास २१ हजार माणसे, सगळी एकतर आधी पक्षाघात होऊन गेलेली किंवा साठीच्या पुढची आणि बीपी आटोक्यात नसलेली. निम्म्या गावांना ७५ टक्के सोडियम आणि २५ टक्के पोटॅशियमचे मीठ दिले, निम्म्या गावांनी नेहमीचेच वापरले. जवळपास पाच वर्षे हे चालले आणि २०२१ मध्ये निष्कर्ष आले. नेहमीच्या मिठाच्या गावांत दर हजारी वर्षाला ३४ जणांना पक्षाघात झाला, बदललेल्या मिठाच्या गावांत २९ जणांना. म्हणजे १४ टक्के कमी. मृत्यूही १२ टक्क्यांनी कमी. फक्त मिठाचा डबा बदलून.

आपल्या शेजारी तेलंगणातल्या सिद्दीपेट जिल्ह्यातल्या सात गावांतही असाच प्रयोग झाला. बीपीच्या ५०२ रुग्णांपैकी निम्म्यांना ३० टक्के पोटॅशियमचे मीठ तीन महिने दिले. त्यांच्या बीपीचा वरचा आकडा तुलनेने सरासरी ४.६ ने उतरला. ज्वारी, चिंच, लोणचे, तिखट असे त्या भागाचे जेवण आपल्या मराठवाड्याच्या जेवणाच्या बरेच जवळ जाते, म्हणून मला चीनपेक्षा हा छोटा अभ्यास जास्त बोलका वाटतो.

या पुराव्यांवर जागतिक आरोग्य संघटनेने २७ जानेवारी २०२५ रोजी सल्ला दिला: घरातले साधे मीठ बदलून पोटॅशियम असलेले कमी सोडियमचे मीठ वापरावे. जुलै २०२५ मध्ये आयसीएमआरच्या चेन्नईतल्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेनेही पंजाब आणि तेलंगणात मीठ कमी करण्याचा तीन वर्षांचा प्रकल्प हाती घेतल्याची बातमी आली. या दोन बातम्यांनंतर समाजमाध्यमांवर 'आता सगळ्यांनी हेच मीठ आणा' असा सूर लागला. पण मूळ सल्ल्यात पुढची ओळ आहे आणि ती बातम्यांतून गळते. हा सल्ला प्रौढांसाठी आहे. गरोदर स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी नाही, कारण त्यांच्याबद्दल पुरेसा अभ्यास नाही. आणि ज्यांची किडनी कमजोर आहे किंवा ज्यांच्या शरीरातून पोटॅशियम नीट बाहेर जात नाही, त्यांच्यासाठी तर नाहीच.

त्या बदनापूरच्या घराकडे परत पाहा. पाचपैकी सून आणि लेकरू सल्ल्याच्या बाहेर. उरले आजोबा, ज्यांच्यासाठी हे मीठ आणायचे ठरले.

आजोबांच्या गोळीचा आणि या मिठाचा संबंध

जास्तीचे पोटॅशियम किडनी लघवीतून बाहेर टाकते. किडनी थकली असेल तर ते रक्तात साचते. पोटॅशियम वाढल्याचे माणसाला बहुधा काही कळत नाही. थोडा अशक्तपणा, पाय जड, बस्स. आणि एके दिवशी हृदयाचे ठोके बिघडतात. हा धोका जिवाशी खेळणारा आहे.

किडनी ठीक असली तरी काही गोळ्या पोटॅशियम शरीरात धरून ठेवतात. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल या बीपीच्या, आणि हृदयरोगात किंवा पोटात पाणी झाल्यावर देतात ती स्पायरोनोलॅक्टोन. यातली टेल्मिसार्टन सरकारी दवाखान्यांतून बीपीच्या रुग्णांना सर्रास मिळते आणि ती चांगली गोळी आहे. हे वाचून ती बंद करू नका. तिच्यामुळे कमी सोडियमचे मीठ कायमचे वर्ज्य होते असेही नाही. पण गोळी, मधुमेहाने थकलेली किडनी आणि पोटॅशियमचे मीठ ही तीन एकत्र आली तर कठीण होते, आणि बासष्ट वर्षांच्या शुगरच्या रुग्णात ती एकत्र येणे अजिबात दुर्मीळ नाही. त्यात गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून स्वतःच आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांची भर पडते. त्याही किडनीवरच जातात.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी रक्तातले क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासा, लघवीतून प्रथिने जातात का ते पाहा, मग डॉक्टरांना विचारून मीठ बदला, आणि गोळ्या चालू असतील तर काही आठवड्यांनी पोटॅशियम पुन्हा तपासा. गावात असाल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताचा नमुना घेऊन पुढे पाठवण्याची सोय आहे का, हे विचारा. जिल्हा रुग्णालयात या तपासण्या होतात. किडनीचा आजार ठरला असेल तर हे मीठ घरात आणूच नका. अशा रुग्णाने जालन्याची मोसंबी आणि नारळपाणीही किती घ्यावे हे विचारूनच घ्यावे, कारण पोटॅशियम तिथेही आहे. ज्याची किडनी चांगली आहे त्याने मात्र मोसंबी, केळी, डाळी, शेवग्याचा पाला यांतून मिळणारे पोटॅशियम बिनधास्त खावे. ते औषधच आहे.

मिळण्याचाही प्रश्न आहे. चेन्नईच्या याच संस्थेने तिथल्या ३०० दुकानांची पाहणी केली. कमी सोडियमचे मीठ २८ टक्के दुकानांतच होते. सुपरमार्केटमध्ये ५२ टक्के, आणि छोट्या किराणा दुकानांत फक्त ४ टक्के. भाव शंभर ग्रॅमला सरासरी ५ रुपये ६० पैसे, साध्या मिठाचा २ रुपये ७० पैसे. महानगराची ही गत असेल तर जाफराबाद-परतूरच्या खेड्यातल्या किराणा दुकानाची कल्पना करा. महिन्याला किलोभर मीठ लागणाऱ्या घराला हा फरक तीसेक रुपयांचा पडतो. तो बहुतेकांना झेपेल, पण दुकानात पुडीच नसेल तर पैशाचा प्रश्नच येत नाही. हे मीठ रेशनवर आणावे अशी मागणी होते. ती चुकीची नाही, पण माझे मत असे की त्याआधी गावोगावच्या बीपी-शुगरच्या रुग्णांची किडनी तपासून घ्यायला हवी. पाकिटामागच्या बारीक अक्षरातल्या सूचनेवर हा भार टाकता येणार नाही.

पिशवी किती दिवस पुरते?

बहुतेक घरांसाठी माझे उत्तर साधे आहे. नेहमीची आयोडीनयुक्त मिठाची पिशवी, पण कमी. किती कमी हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. पिशवी फोडली की तिच्यावर पेनाने तारीख टाका.

चार मोठी माणसे, रोज पाच-पाच ग्रॅम, म्हणजे वीस ग्रॅम. एक किलोची पिशवी पन्नास दिवस पुरली पाहिजे, तीही बाहेरून काही खारट आले नाही तर. ती चार आठवड्यांत संपत असेल तर माणशी आठ-नऊ ग्रॅम चालले आहे. आणि देशाची सरासरी तीच आहे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात माणशी रोज आठ ग्रॅम मीठ आढळले, पुरुषांत ८.९ आणि स्त्रियांत ७.१. पाहुणे आले, लग्नकार्य निघाले, जनावरांना मीठ घातले, तर हिशेबातून तेवढे वगळा.

एकदम अळणी करू नका, कोणी जेवणार नाही आणि दोष सुनेवर येईल. आठवड्याला थोडे थोडे कमी करा. तीन-चार आठवड्यांत जीभ बदलते, मग पूर्वीचीच आमटी खारट लागायला लागते. भाकरीच्या-पोळीच्या पिठात मीठ घालत असाल तर ते आधी बंद करा, त्याची उणीव कोणाला जाणवत नाही. ठेच्यात मीठ अर्धे करून लिंबू पिळा. ताटात वाढलेले मीठ आणि जेवताना वरून घेण्याची सवय या दोन गोष्टी थांबल्या तरी बराच फरक पडतो.

पापडात मीठ तर असतेच, शिवाय पापडखार असतो आणि तोही सोडियमच आहे. खाण्याचा सोडा, चायनीजच्या गाडीवरचे अजिनोमोटो, पित्त झाले म्हणून पाण्यात फसफसवून घ्यायची पुडी, या सगळ्यांत सोडियम आहे आणि जिभेला ते खारट लागत नाही. कुरडया, सांडगी मिरची, लोणचे, चहाबरोबरची खारी, फरसाण. यांना मिठाच्या डब्याचा हिशेब लागू होत नाही. पाकिटावर समोरच ठळक अक्षरांत मीठ-साखरेची सूचना असावी यासाठी सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेले आणि एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितले. सूचना जेव्हा छापली जाईल तेव्हा जाईल. तोवर पाकीट उलटून शंभर ग्रॅममागे सोडियम किती ते वाचा. शेव-चिवड्यात ८०० मिलीग्रॅम लिहिले असेल, तर शंभर ग्रॅम खाल्ल्यावर दिवसाच्या वाट्यातले दोन पंचमांश सोडियम चहासोबतच संपले.

भट्टीजवळ काम करणारा मुलगा

या घरात एक माणूस असा आहे ज्याला पाच ग्रॅमचा नियम उन्हाळ्यात जसाच्या तसा लावता येत नाही. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत भट्टीसमोर पाळी करणारा, मे महिन्यात नांगरट करणारा किंवा ऊसतोडीला जाणारा माणूस दिवसाला काही लिटर घाम गाळतो. लिटरभर घामातून व्यक्तीनुसार एक ते चार ग्रॅम मीठ जाते. अशा वेळी नुसते पाणी पीत राहिले तर पायात गोळे येतात, डोके जड होते, मळमळते. त्याने सरकारी दवाखान्यातले किंवा मेडिकलमधले ओआरएस, किंवा मीठ घातलेले पातळ ताक घ्यावे. ओआरएस मात्र खरे हवे. गोड पेयांच्या डब्यांवर 'ओआरएस' हा शब्द वापरायला एफएसएसएआयने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ती याचसाठी. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते पाहा. त्याला बीपी असेल आणि गोळ्या चालू असतील तर मिठाचे पाणी स्वतःच्या मनाने सुरू करू नये, पाळी सुरू होण्याआधी डॉक्टरांशी बोलून ठेवावे.

उलट बाजूही सांगायला हवी. काही घरांत बीपी निघाला की आजोबांचे मीठ पूर्ण तोडतात. वय झालेले, जेवण कमी, क्लोरथॅलिडोनसारखी लघवी वाढवणारी गोळी चालू, वर जालन्याचा उन्हाळा. रक्तातले सोडियम खाली जाते आणि माणूस बरळायला लागतो, तोल जातो. घरच्यांना वाटते बाहेरची बाधा किंवा पक्षाघात. डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हटले म्हणजे बंद करा असे नव्हे. असे काही दिसले तर घरी मीठ-पाणी पाजत बसू नका, दवाखान्यात नेऊन सोडियम तपासा.

एकाच घरात दोन डबे ठेवणे शक्य आहे का? ज्या घरात तपासणीनंतर आजोबांना कमी सोडियमचे मीठ चालते असे ठरले आहे, तिथे हे करता येते. पातेल्यात साधे आयोडीनयुक्त मीठ निम्मेच घाला. लेकराला तेवढेच वाढा, त्याला जास्त मिठाची गरजच नाही, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला तर वरून मीठ अजिबात घालू नये. सून आणि मुलगा हवे तर साध्या डब्यातले चिमूटभर घेतील. आजोबांची आमटी वेगळ्या वाटीत काढून त्यात त्यांचे मीठ मिसळा. त्या दुसऱ्या डब्यावर कागद चिकटवून मोठ्या अक्षरांत 'आजोबांचे मीठ' असे लिहा. लेकराला जुलाब झाल्यावर घाईत कोणी साखर-मिठाचे पाणी करायला गेले, तर हात साध्या मिठाच्या डब्याकडेच गेला पाहिजे: एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ.